खूप दिवस बंद असलेलं सीपॅप पुन्हा सुरू करताना

सीपॅप म्हणजे झोपेत श्वास अडू नये म्हणून मास्कमधून सतत दाबाची हवा देणारं मशीन. बऱ्याच काळाने त्याच्याकडे परतणारे लोक साधारण एकाच पद्धतीने सुरुवात करतात. कपाटातून मशीन काढायचं, पुसायचं, जुना मास्क चढवायचा आणि त्याच रात्री सात तास झोपायचं ठरवायचं. दोन-तीन रात्रींत मशीन पुन्हा बाजूला पडतं आणि 'आपल्याला हे जमतच नाही' अशी खात्री होऊन बसते. ज्या त्रासामुळे मशीन सुटलं होतं तो त्रास तसाच शिल्लक असतो, हे त्यांच्या लक्षात येत नाही. मधल्या काळात मास्कचं सिलिकॉन कडक झालेलं असतं, वजन बदललेलं असतं, कदाचित नवी औषधंही सुरू झालेली असतात. निर्धार कितीही पक्का असला तरी डोळ्यांत हवा सोडणाऱ्या मास्कपुढे तो रात्री दोन वाजता टिकत नाही. म्हणून खरं काम पहिली रात्र येण्याआधीच करायचं असतं.

मशीन बंद असताना घशात काय होतं

झोप लागली की घशाचे स्नायू सैल पडतात. स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा थांबण्याचा आजार, असलेल्यांचा घसा मुळात अरुंद असतो किंवा सहज मिटणारा असतो. श्वास आत घेताना जी ओढ तयार होते तिने घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात आणि हवा अडते. छाती-पोट हलत राहतं, पण हवा आत जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, मोठ्याने घोरत श्वास सुरू होतो आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. श्वास किमान 10 सेकंद थांबला तर तो ॲप्निया. पूर्ण थांबला नाही पण बराच कमी झाला आणि त्यामुळे ऑक्सिजन उतरला किंवा झोप मोडली तर हायपोप्निया. असे प्रकार दर तासाला सरासरी किती होतात तो आकडा म्हणजे एएचआय. 5 च्या खाली ठीक, 5 ते 15 सौम्य, 15 ते 30 मध्यम आणि 30 च्या वर तीव्र.

नाकावाटे सतत दाबाची हवा देऊन हा घसा उघडा ठेवता येतो, हे ऑस्ट्रेलियातले डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी 1981 मध्ये दाखवलं. मशीन आता लहान आणि शांत झाली आहेत, तत्त्व तेच आहे: हवेचा दाब घशाला आतून टेकू देतो, आणि टेकू काढला की घसा पुन्हा मिटतो. मुद्दाम दोन आठवडे सीपॅप थांबवून केलेल्या अभ्यासांत ॲप्निया पहिल्या काही रात्रींतच परतलेला आणि सकाळचा रक्तदाब वाढलेला दिसला आहे. 'दोन वर्षं वापरलं, आता गरज उरली नसेल' असं वाटणं स्वाभाविक आहे, पण आधी वापरलेले महिने शिलकीत राहत नाहीत. वजन बरंच उतरलं असेल किंवा घशाची शस्त्रक्रिया झाली असेल तर गोष्ट वेगळी, आणि तेही नव्या चाचणीनेच ठरतं.

आपल्याला काही होत नाही असं वाटण्यामागे एक कारण आहे. दिवसाची सुस्ती हळूहळू वाढते आणि माणूस तिलाच नेहमीची अवस्था समजू लागतो. घोरणं आणि श्वास थांबणं शेजारी झोपणाऱ्याला दिसतं, स्वतःला नाही. त्यामुळे स्वतःच्या अंदाजापेक्षा घरच्यांचं म्हणणं आणि सकाळचा रक्तदाब यांवर जास्त विश्वास ठेवावा.

रात्री किती तास लावायचं, हा पुढचा प्रश्न. चार तास हा आकडा पुष्कळांनी ऐकलेला असतो. तो मुख्यतः अमेरिकेत विम्याच्या नियमांतून रूढ झाला. शरीराला चार तास पुरतात असा त्याचा अर्थ नाही. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, झोपाळूपणा किती जाणवतो याबाबतचा बहुतेक फायदा चार तासांच्या वापरापर्यंत मिळाला, उपकरणांनी मोजलेल्या झोपाळूपणासाठी सहा तास लागले आणि रोजची कामं नीट जमण्यासाठी साडेसात. हृदयविकार किंवा पक्षाघाताच्या रुग्णांवर झालेल्या 2016 च्या 'सेव्ह' या मोठ्या चाचणीत सीपॅपमुळे पुढचे झटके कमी झालेले दिसले नाहीत. त्या चाचणीत सरासरी वापर रात्री 3.3 तासच होता. शिवाय स्वप्नांची झोप पहाटेच्या बाजूला जास्त असते आणि अनेकांचा ॲप्निया तेव्हाच सर्वांत वाईट असतो. पहाटे तीनला मास्क काढून ठेवणाऱ्याचे नेमके तेच तास उघडे पडतात. शेवटी पूर्ण रात्र हेच लक्ष्य ठेवायचं, फक्त पहिल्याच रात्री त्याचा हट्ट धरायचा नाही.

मशीन का सुटलं होतं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. त्याचं उत्तर एका वाक्यात कागदावर लिहून काढा. 'कंटाळा आला' हे उत्तर पुरेसं नाही. कंटाळा कशाचा आला? कोरडा घसा, नाक बंद, गालावरचे वळ, फुगलेलं पोट, जोडीदाराची झोपमोड, की गुदमरल्याची भावना? यातल्या प्रत्येकावर उपाय वेगळा आहे, आणि एकाचा उपाय दुसऱ्याला लावला तर त्रास वाढतो.

गुदमरल्यासारखं वाटणं हे दोन प्रकारचं असतं. पहिल्या प्रकारात हवा खरोखर कमी पडते. बहुतेक मशीन सुरुवातीला 4 सेंटीमीटर पाण्याइतका दाब देतात आणि मग 'रॅम्प' नावाच्या सोयीने तो हळूहळू वाढवतात. ही सोय आरामासाठी दिलेली आहे, पण पुष्कळ प्रौढांना 4 वर श्वास ओढून घ्यावा लागतो आणि छाती भरत नाही. अशांचा सुरुवातीचा दाब 6 किंवा 7 केला, किंवा रॅम्प बंदच केला, तर एका रात्रीत फरक पडतो. रॅम्पची वेळ रुग्णाच्या मेनूत असते; किमान आणि कमाल दाब मात्र सहसा डॉक्टरांच्या मेनूत असतात, त्यामुळे 'सुरुवातीला हवा कमी पडते' हे त्यांना नेमक्या शब्दांत सांगा. दुसऱ्या प्रकारात हवा भरपूर असते, भीती मास्कची असते. तिच्यावर सेटिंग बदलून उपयोग नाही. तिथे सराव लागतो, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

श्वास सोडताना समोरून वारा आल्यासारखं वाटत असेल तर श्वास सोडताना दाब उतरवणारी सोय मशीनमध्ये आहे का पाहा. कंपनीप्रमाणे तिचं नाव ईपीआर किंवा फ्लेक्स असं असतं आणि तिला 1, 2, 3 अशा पायऱ्या असतात. ईपीआरमध्ये 3 म्हणजे श्वास सोडताना दाब साधारण 3 सेंटीमीटरने उतरतो. काही जणांचा एएचआय ही सोय वाढवल्यावर थोडा वर जातो, म्हणून बदल केल्यावर पुढच्या काही रात्रींचे आकडे बघावेत.

कोरडं तोंड आणि बंद नाक यांच्याकडे जरा सावकाश पाहू, कारण मशीन सोडण्यामागे ही जोडी फार वेळा असते आणि तिचं निदान बहुतेकदा उलटं होतं. नाकाचा मास्क लावलेला असताना झोपेत तोंड उघडलं की हवा नाकातून आत येते आणि तोंडातून बाहेर निघून जाते. एरवी श्वास सोडताना नाकाच्या अस्तराला ओल परत मिळते. इथे वारा एकाच दिशेने वाहतो आणि अस्तर कोरडं पडत जातं. कोरडं अस्तर सुजतं, नाक चोंदतं, मग तोंड आणखी उघडं राहतं आणि गळती आणखी वाढते. माणसाला वाटतं, आपलं नाक बंद असतं म्हणून सीपॅप जमत नाही. खरं तर बऱ्याचदा तोंडाच्या गळतीनेच नाक बंद झालेलं असतं. हे चक्र तोडायला गरम ह्युमिडिफायर, म्हणजे हवेला ओलावा देणारी मशीनची पाण्याची टाकी, सर्वांत उपयोगी. ओलावा एकेक पायरीने वाढवा, झोपण्याआधी नाक सलाइनने धुवा (त्यासाठी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्या), आणि ॲलर्जी असेल तर नाकातल्या स्टिरॉइड स्प्रेबद्दल डॉक्टरांना विचारा. हा स्प्रे आज मारला आणि आज नाक मोकळं झालं असं होत नाही, काही दिवस रोज वापरावा लागतो, म्हणून तो मशीन सुरू करण्याच्या आठवडाभर आधी सुरू केलेला बरा. झटपट नाक मोकळं करणारे थेंब मात्र सलग तीन-चार दिवसांपेक्षा जास्त वापरू नयेत. नंतर त्यांच्यामुळेच नाक चोंदायला लागतं. एवढं करूनही तोंड उघडत असेल तर हनुवटीचा पट्टा लावून बघावा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क घ्यावा. ज्यांचं नाक हाड वाकल्यामुळे कायमच अडलेलं असतं त्यांनी आधी कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं.

सकाळी पोट फुगणं, ढेकरा येणं म्हणजे झोपेत हवा गिळली जाते आहे. दाब गरजेपेक्षा जास्त असेल, ॲसिडिटीचा त्रास असेल किंवा तोंडाने श्वास चालत असेल तर हे वाढतं. डोक्याकडची बाजू उंच करणं, कुशीवर झोपणं आणि डॉक्टरांना विचारून कमाल दाब खाली आणणं या क्रमाने जावं.

आवाजाची तक्रार बहुतेकदा मशीनची नसून गळतीची असते. चांगल्या स्थितीतलं आजचं मशीन 30 डेसिबलच्या आसपास आवाज करतं. शिट्टी किंवा फुरफुर ऐकू येत असेल तर मास्कची कड तपासा.

काही लोकांना ॲप्नियासोबत स्वतंत्र निद्रानाशही असतो. मास्क लावून दोन-दोन तास छताकडे बघत पडणाऱ्याला मशीनचा राग येणारच. तिथे निद्रानाशासाठीची वर्तन-उपचार पद्धती सीपॅपच्या बरोबरीने करावी लागते. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने घेऊ नये; काही गोळ्या आणि दारू घशाचे स्नायू आणखी सैल करतात.

जुन्या सेटिंगवर सरळ सुरू करावं का?

खंड काही महिन्यांचा असेल, वजन आणि तब्येत तशीच असेल तर डॉक्टरांना कळवून जुन्या सेटिंगवर सुरुवात करायला सहसा हरकत नसते. खालीलपैकी काही बदललं असेल तर आधी भेट घ्या.

वजन पहिलं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये लोकांना काही वर्षं सतत तपासून केलेल्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष 2000 साली आले, वजन 10 टक्के वाढल्यावर एएचआय सरासरी 32 टक्क्यांनी वाढलेला आणि 10 टक्के घटल्यावर 26 टक्क्यांनी उतरलेला दिसला. वजन वाढलं असेल तर जुना दाब अपुरा पडतो. उतरलं असेल तर तोच दाब जास्त होतो, आणि मग मास्क गळणं, हवा गिळणं हे त्रास सुरू होतात. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लठ्ठपणा असलेल्यांच्या मध्यम ते तीव्र स्लीप ॲप्नियासाठी टिर्झेपॅटाइड या इंजेक्शनला मान्यता दिली. अशा औषधाने वजन उतरलेल्यांनी मशीन चालू ठेवायचं की नाही, हे नव्या स्लीप स्टडीवरून, म्हणजे झोपेतल्या श्वासाच्या रात्रभराच्या चाचणीवरून ठरवावं. काट्यावरच्या आकड्यावरून नाही.

हृदय अशक्त झालं असेल, पक्षाघात येऊन गेला असेल, फुप्फुसांचा जुनाट आजार असेल, किंवा वेदनेसाठी अफूवर्गीय औषधं सुरू झाली असतील तर हे अगदी स्पष्ट सांगा. या परिस्थितीत घसा उघडा असूनही मेंदूच श्वासाचा आदेश द्यायला चुकतो असा ॲप्निया दिसू शकतो, किंवा श्वासच उथळ पडतो. अशांसाठी घरी आपोआप दाब ठरवणारं मशीन पुरेसं नसतं, स्लीप केंद्रात रात्रभर झोपून दाब ठरवून घ्यावा लागतो. ज्यांच्याकडे एएसव्ही प्रकारचं, म्हणजे प्रत्येक श्वासाप्रमाणे दाब आपोआप बदलणारं मशीन आहे त्यांनी तर हृदयाची तपासणी केल्याशिवाय ते चालू करूच नये. 2015 च्या 'सर्व्ह-एचएफ' चाचणीत, हृदयाची पंप करण्याची क्षमता 45 टक्के किंवा कमी असलेल्या हृदयविकाराच्या रुग्णांमध्ये या मशीनमुळे हृदयविकाराने होणारे मृत्यू वाढलेले दिसले.

नाक, चेहरा, कवटी किंवा मेंदूची अलीकडे शस्त्रक्रिया झाली असेल, फुप्फुसाभोवती हवा साचली होती असं निदान झालं असेल, किंवा नाकातून मेंदूजल (मेंदूभोवतीचं पाणी) गळत असेल तर परवानगीशिवाय दाबाची हवा घेऊ नये. दात काढले, कवळी बसवली, दाढी वाढवली, या गोष्टींनी दाब बदलत नाही. मास्क मात्र बसेनासा होतो.

बाकीच्यांसाठी डॉक्टर अनेकदा सोपा मार्ग निवडतात: मशीन ऑटो पद्धतीवर (गरजेप्रमाणे दाब आपोआप बदलेल असं) ठेवून एक-दोन आठवडे वापरायला देतात आणि मशीनने कुठल्या दाबावर किती वेळ काढला ते पाहून नवी मर्यादा ठरवतात. नवी स्लीप स्टडी प्रत्येकाला लागतेच असं नाही.

मशीन आणि सामान तपासताना

मशीनचा सिरियल नंबर आधी पाहा. जून 2021 मध्ये फिलिप्स कंपनीने आपली लाखो सीपॅप आणि बायपॅप (श्वास घेताना आणि सोडताना वेगळा दाब देणारी) मशीन परत मागवली. त्यांत आवाज दाबण्यासाठी घातलेला पॉलियुरेथेन फोम झिजून त्याचे कण आणि वायू हवेच्या वाटेत येऊ शकत होते. पहिल्या पिढीतलं ड्रीमस्टेशन आणि त्याआधीची सिस्टम वन ही मशीन त्या यादीत होती. तेव्हापासून कपाटात पडलेलं मशीन अजून तसंच असू शकतं. कंपनीकडे नंबर तपासून मगच ते वापरा. नळीत किंवा मास्कमध्ये काळे कण दिसले तर त्या रात्रीपासूनच थांबा.

मशीनचं वय दुसरी गोष्ट. या मशीनचं आयुष्य साधारण पाच वर्षं धरलेलं असतं. पडद्यावर मोटरचं आयुष्य संपल्याचा संदेश आला म्हणजे मशीन त्या क्षणी बंद पडणार असं नाही, पण दाब नीट मिळतो आहे का हे मोजून घेण्याची वेळ झाली आहे.

फिल्टर नवीन घाला. कागदी फिल्टर एरवीही महिन्या-दोन महिन्यांत बदलायचा असतो, आणि वर्षभर आत राहिलेला फिल्टर धूळ अडवण्याऐवजी ती धरून बसलेला असतो. फिल्टरचा कप्पा उघडल्यावर आत करडी धूळ दिसली तर मशीन तज्ज्ञाकडून साफ करून घ्या. व्हॅक्यूम किंवा फुंकर मारून ती आत ढकलू नका.

पाण्याची टाकी उजेडात धरून बघा. तळाशी पांढरा थर असेल तर तो पाण्यातल्या क्षारांचा आहे. एक भाग पांढरा व्हिनेगर आणि दहा भाग पाणी यात थोडा वेळ भिजवून तो निघतो. गुलाबी किंवा काळे डाग, तडा, झाकणाच्या रबराला चीर, यांपैकी काही असेल तर टाकी बदला. पुढे रोज डिस्टिल्ड पाणी भरायचं, सकाळी उरलेलं ओतून टाकी उघडी वाळवायची. पाणी भरलेली टाकी आत असताना मशीन उचलून तिरकं करू नका, पाणी मोटरमध्ये जातं.

जुनी नळी धुऊन वापरण्यापेक्षा नवी घ्यावी. तिच्या वळ्यांमध्ये काय साठलंय ते दिसत नाही, आणि ताणल्यावर पडलेली बारीक भोकं तर नाहीच. मास्कचं कुशन म्हणजे चेहऱ्याला टेकणारा सिलिकॉनचा भाग. बोटांनी दाबून बघा: नवं कुशन मऊ आणि किंचित मॅट असतं, जुनं चिकट, पिवळट आणि ताठर होतं, कारण चेहऱ्याचं तेल त्यात मुरतं. असं कुशन कितीही घट्ट बांधलं तरी गळतं. नाकाची कुशनं साधारण महिनाभराने, मास्कची चौकट तीन महिन्यांनी, डोक्याचे पट्टे आणि टाकी सहा महिन्यांनी बदलावीत असं कंपन्या सांगतात. नीट धुतलेलं सामान त्याहून जास्त टिकतं हेही खरं. पण खंडानंतर परत सुरू करताना कुशन, नळी आणि फिल्टर या तीन वस्तूंत काटकसर करू नका. पहिल्या आठवड्याचं यश यांच्यावरच अवलंबून असतं.

नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कमध्ये, नळी जोडायच्या वाकड्या तुकड्याजवळ एक छोटी झडप असते. मशीन बंद पडलं तर बाहेरची हवा तिच्यातून आत येते. ती मोकळी हलते का पाहा. वाळलेल्या मळाने चिकटलेली झडप धोकादायक असते. श्वास सोडलेली हवा बाहेर जाण्यासाठी मास्कवर बारीक भोकं असतात, ती आवाज येतो म्हणून कधीही चिकटपट्टीने बंद करू नयेत.

मास्कच्या पट्ट्यांना चुंबकाच्या क्लिपा असतील आणि तुम्हाला किंवा शेजारी झोपणाऱ्याला पेसमेकर, मेंदूतली धातूची क्लिप किंवा तत्सम रोपण असेल तर असा मास्क वापरू नका. फिलिप्सने 2022 मध्ये आणि रेसमेड या दुसऱ्या मोठ्या कंपनीने 2023 मध्ये याबद्दल इशारा दिला. रोपण आणि चुंबक यांत किमान 15 सेंटीमीटर अंतर हवं असं त्यात सांगितलं आहे.

धुण्यासाठी कोमट पाणी आणि सौम्य साबण पुरे. ब्लीच, स्पिरिट, सुगंधी तेल नको. ओझोनने 'निर्जंतुक' करणारी यंत्रंही नकोत; वर सांगितलेला फोम त्यांच्यामुळे जास्त झिजतो असं आढळलं आहे.

मास्क बसवण्याची पद्धत

आरशासमोर उभं राहून बसवलेला मास्क आडवं झाल्यावर गळतो, कारण झोपल्यावर गालांचा आणि जबड्याचा आकार बदलतो. म्हणून मास्क पलंगावर पडून आणि मशीन चालू ठेवून बसवायचा. चेहरा धुऊन कोरडा करा, क्रीम लावू नका. सगळे पट्टे सैल करून मास्क घाला, नळी जोडा, मशीन सुरू करा. मग मास्क चेहऱ्यापासून किंचित पुढे ओढा आणि सोडा. कुशनची आतली पातळ पाळी हवेने फुगते आणि चेहऱ्यावर नीट पसरून बसते. आता खालचे पट्टे, मग वरचे, दोन्ही बाजूंना सारखे आणि थोडे-थोडे आवळा. गळती थांबली की तिथेच थांबा. पट्ट्याखाली दोन बोटं सहज गेली पाहिजेत. कुशीवर वळून पुन्हा तपासा. गळती आली तर पट्टा आवळण्याआधी मास्क पुन्हा ओढून सोडा. घट्ट आवळण्याने ती पाळी चुरगळते आणि गळती वाढते. नाकाच्या हाडावरचे वळ आणि जखमाही त्यातूनच येतात.

पहिले आठवडे

मास्कची भीती असलेल्यांनी रात्री सुरुवात करूच नये. दिवसा, जागेपणी, मशीन न लावता, नळी न जोडता मास्क हाताने चेहऱ्यावर धरा आणि नाकाने शांत श्वास घ्या. अस्वस्थ वाटण्याआधीच तो काढा. हे सहज जमू लागलं की पट्टे लावा. मग मशीन सुरू करून, वाचत किंवा टीव्ही बघत अर्धा ते एक तास बसा. नंतर दुपारची वामकुक्षी मशीनसह, आणि मग रात्र. एक पायरी कंटाळवाणी वाटेपर्यंत पुढची घेऊ नका. काहींना हे चार दिवसांत जमतं, काहींना तीन आठवडे लागतात. दोन्ही ठीक आहे.

भीती नसलेल्यांनी सरळ रात्रीपासून लावावं, फक्त एक नियम ठेवावा: झोपायला जाताना मास्क चढवायचाच, आणि मध्ये काढला गेला तर जाग येईल तेव्हा परत लावायचा. झोपेत नकळत मास्क काढून टाकणं सुरुवातीला फार सामान्य आहे. रात्री उठावं लागलं तर मास्क तोंडावरच ठेवून नळी सोडवा, परत येऊन जोडा. पट्टे काढले की पुन्हा घालण्याचा आळस येतो. नळी उशीच्या वरून, डोक्यामागून आणली तर कूस बदलताना अडत नाही. मशीन पलंगापेक्षा खाली ठेवा, म्हणजे नळीत जमलेलं पाणी नाकाकडे न येता टाकीकडे जातं. नळीत गुडगुड वाजत असेल तर खोली थंड आणि ओलावा जास्त असं झालंय. ओलावा एक पायरी कमी करा, गरम नळी असेल तर तिचं तापमान वाढवा किंवा नळीवर कापडी आवरण घाला.

पहिल्या काही रात्री स्वप्नं फार पडतात, कधी ठसठशीत आणि विचित्र. मोडलेल्या झोपेत स्वप्नांची झोप कमी पडलेली असते, ती मेंदू भरून काढतो. घाबरण्यासारखं काही नाही. काही जणांना दुसऱ्याच सकाळी हलकं वाटतं, पुष्कळांना काही आठवडे लागतात. तोवर सुस्ती असेल तर लांब पल्ल्याची गाडी चालवू नका.

या पहिल्या आठवड्याला जास्त महत्त्व आहे, कारण सुरुवातीच्या दिवसांत बसलेली वापराची घडी पुढे टिकते असं अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. अडचण आली तर महिन्याच्या भेटीची वाट न पाहता त्याच दिवशी मशीन पुरवणाऱ्या तंत्रज्ञाला किंवा डॉक्टरांना फोन करा.

मशीनचे आकडे

सकाळी पडद्यावर तीन गोष्टी पाहाव्यात: किती तास, गळती किती, एएचआय किती. एएचआय 5 च्या खाली असेल तर दाब काम करतोय. पण गळती जास्त असेल तर तो आकडा विश्वासाचा नसतो, कारण मशीनला श्वास नीट मोजताच येत नाही. म्हणून आधी गळती, मग एएचआय. रेसमेडच्या मशीनवर मिनिटाला 24 लिटरच्या वरची गळती जास्त मानतात. फिलिप्सची मशीन मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही मोजतात, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडू नयेत.

एका रात्रीच्या आकड्यावरून काही ठरवू नका. आठवड्याची सरासरी पाहा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. मास्क, ओलावा आणि दाब एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. तपशील हवा असेल तर मशीनमधलं एसडी कार्ड संगणकात घालून ऑस्कर या मोफत प्रणालीत रात्रीचा आलेख पाहता येतो. त्यात 'क्लिअर एअरवे' म्हणजे घसा उघडा असतानाचे ॲप्निया बरेच दिसले तर दाब स्वतःच्या मनाने वाढवू नका. नव्याने सुरू करणाऱ्या काहींना असे ॲप्निया पहिले काही आठवडे येतात आणि पुष्कळदा आपोआप निवळतात. टिकून राहिले तर डॉक्टरांना आलेख दाखवा. दाब वाढवल्याने ते वाढूही शकतात.

मशीनला ऑक्सिजन जोडायचा असेल तर क्रम पाळा: आधी मशीन सुरू, मग ऑक्सिजन, बंद करताना आधी ऑक्सिजन, मग मशीन. नाहीतर ऑक्सिजन मशीनच्या आत साठतो आणि आगीचा धोका राहतो.

सर्दी, प्रवास आणि शस्त्रक्रिया

मोठा खंड बहुधा अशाच लहान कारणाने सुरू होतो, म्हणून त्यांची तयारी आधीच ठेवा. नाकाचा मास्क वापरणाऱ्यांनी सर्दीसाठी नाक-तोंड झाकणारा एक मास्क घरात ठेवावा. नाक पूर्ण बंद असेल, सारखा खोकला किंवा उलट्या होत असतील तर एक-दोन रात्री थांबायला हरकत नाही. तेवढे दिवस डोकं उंच करून कुशीवर झोपा, आणि मशीन पलंगाजवळच राहू द्या, कपाटात नको. सर्दी गेल्यावर कुशन, टाकी, नळी धुऊन फिल्टर बदला. प्रवासात टाकी रिकामी करून वाळवून स्वतंत्र ठेवा. भूल देऊन होणारी कोणतीही शस्त्रक्रिया असेल तर भूलतज्ज्ञांना स्लीप ॲप्नियाबद्दल आधी सांगा आणि मशीन मास्कसह दवाखान्यात घेऊन जा; भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांच्या अंमलात घसा नेहमीपेक्षा लवकर मिटतो, त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या रात्री मशीन लावलेलं असणं फार जरुरीचं असतं.